दाखवायचं मॉडेल आणि स्वीकारायचं मॉडेल: एका दुरुस्ती-ऑर्डरच्या फॉर्मचं प्रकरण

पार्श्वभूमी

यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीचं हे अंतर्गत वापराचं वेब अ‍ॅप्लिकेशन. ते एएसपी डॉट नेट कोअर एमव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या वेब-फ्रेमवर्कवर चालतं. डेटाबेसच्या नोंदी कोडमधून हाताळायला एंटिटी फ्रेमवर्क कोअर, मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि पानं रेझर या टेम्प्लेटच्या भाषेत. डेव्हलपर तिघे. प्रकरण ज्याचं आहे तो दुरुस्ती-ऑर्डरचा फॉर्म या अ‍ॅप्लिकेशनमधला सर्वाधिक वापरला जाणारा होता.

फॉर्मचे दोन भाग. वर शीर्षभाग: ग्राहक, तंत्रज्ञ, भेटीची तारीख, प्राधान्य, टिपा आणि ‘वॉरंटीत आहे’ हा चेकबॉक्स. खाली सुट्या भागांच्या ओळी: भाग, नग, दर, सवलत. बाजूला फक्त वाचण्यापुरती माहिती: त्या यंत्राच्या आधीच्या दुरुस्त्या, एकूण रक्कम, ऑर्डरची सद्यस्थिती, मंजुरी कोणी व कधी दिली.

सुरुवातीला व्ह्यूला, म्हणजे पानाच्या टेम्प्लेटला, थेट ‘वर्कऑर्डर’ ही एंटिटीच, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीचा क्लासच, मॉडेल म्हणून दिलेली होती. पुढे ड्रॉपडाउन आले, इतिहासाचा तक्ता आला, तेव्हा एंटिटीभोवती ‘वर्कऑर्डरपेज’ नावाचं व्ह्यू मॉडेल तयार झालं. त्यात ‘ऑर्डर’ ही एंटिटी, शिवाय ग्राहकांची, तंत्रज्ञांची आणि भागांची यादी, इतिहास आणि बेरजा. सबमिट झाल्यावर सर्व्हरवर चालणारी मेथड, म्हणजे अ‍ॅक्शनसुद्धा हाच ‘वर्कऑर्डरपेज’ पॅरामीटर म्हणून घेत होती. जे मॉडेल पान दाखवतं तेच फॉर्म स्वीकारतं, ही रचना लहान उदाहरणांत सोयीची दिसते आणि बहुतेक प्रकल्पांची सुरुवात तशीच होते.

अडचण

तक्रारी एकदम आल्या नाहीत, त्यामुळे बराच काळ त्या एकमेकींशी संबंधित वाटल्या नाहीत.

पहिली तक्रार: मधली एक ओळ काढून जतन केलं की तिच्याखालच्या ओळीही जातात. शेवटची ओळ काढली तर सगळं ठीक, म्हणून ‘कधीकधी होतं’ असंच सांगितलं जायचं.

दुसरी: मंजूर झालेल्या ऑर्डरमध्ये नुसती टीप बदलली तरी मंजुरीची तारीख रिकामी होते. यावर टीमने स्थिती, मंजूर करणारा, मंजुरीची तारीख, तयार करणारा ही सगळी फील्ड हिडन (पानावर न दिसणारी, पण फॉर्मसोबत जाणारी) करून फॉर्ममध्ये घातली. तक्रार थांबली.

तिसरी: खूप ओळी असलेली ऑर्डर जतनच होत नाही, ४०० चं पान येतं. लॉगमध्ये अँटीफोर्जरी टोकनशी (विनंती आपल्याच पानावरून आल्याची खूण) संबंधित त्रुटी दिसे, त्यामुळे टीमने आधी सेशन आणि कुकीज तपासण्यात वेळ घालवला.

चौथी सुरक्षा तपासणीत सापडली. तपासणाऱ्याने ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून हिडन ‘स्थिती’ फील्डची किंमत बदलली, जतन केलं आणि मंजुरीचा अधिकार नसलेल्या खात्यातून ऑर्डर मंजूर झाली.

पाचवीने काम पूर्ण थांबवलं. प्रकल्पात नलेबल रेफरन्स टाइप्स (कोणती प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी, असू शकते हे कोडमध्ये लिहिण्याची सोय) चालू केल्यानंतर फॉर्म जतनच होईना. सबमिट केलं की तेच पान परत येई, त्रुटीचा एकही संदेश नाही.

कारणांचा शोध

पाचव्या तक्रारीपासून सुरुवात झाली, कारण ती दर वेळी हमखास घडत होती. एएसपी डॉट नेट कोअर ३.० पासून, नलेबल संदर्भ चालू असताना, नल न होणाऱ्या रेफरन्स प्रकाराच्या प्रत्येक प्रॉपर्टीला व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे आलेल्या किंमतींच्या तपासणीत, ‘आवश्यक’ मानलं जातं. एंटिटीत ‘कस्टमर’ ही नॅव्हिगेशन प्रॉपर्टी, म्हणजे जोडलेल्या ग्राहकाच्या नोंदीकडे नेणारी प्रॉपर्टी, होती. फॉर्ममधून ‘कस्टमरआयडी’ येतो, आख्खा ग्राहक येत नाही. म्हणून ‘कस्टमर’ नल आणि व्हॅलिडेशन नापास. पानावरचा त्रुटींचा सारांश ‘मॉडेलओन्ली’ प्रकारचा होता. तो फक्त संपूर्ण मॉडेलला जोडलेल्या त्रुटी दाखवतो, एखाद्या प्रॉपर्टीच्या नावावर नोंदलेल्या नाही. त्यात ‘कस्टमर’साठी पानावर स्वतंत्र संदेशाची जागाही नव्हती. त्रुटी होती, पण दिसायला वाट नव्हती.

ओळींच्या तक्रारीसाठी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाठवला जाणारा मजकूर उघडून पाहिला. असल्या दोषात मी सर्वांत आधी तिथेच पाहीन, कारण फॉर्ममधल्या किंमती मॉडेलमध्ये भरणाऱ्या मॉडेल बाइंडरला पान दिसत नाही, त्याला फक्त नाव-किंमत अशा जोड्या मिळतात. इनपुटचा आयडी पाठवला जात नाही, नेम पाठवलं जातं. डिसेबल्ड फील्ड पाठवलं जात नाही, रीडओन्ली पाठवलं जातं. खूण न केलेला चेकबॉक्स काहीच पाठवत नाही, म्हणून टॅग हेल्पर (फील्डचा एचटीएमएल बनवणारा रेझरमधला घटक) त्याच नावाचं ‘फॉल्स’ किंमतीचं हिडन फील्ड सोबत ठेवतो.

दुसरी ओळ काढल्यावर नावं अशी येत होती: ‘ऑर्डर.लाइन्स[०].क्वांटिटी’, मग थेट ‘ऑर्डर.लाइन्स[२].क्वांटिटी’, मग ‘[३]’. बाइंडर शून्यापासून मोजत जातो आणि पहिला क्रमांक गहाळ दिसला की यादी संपली असं धरतो. यादीत एकच ओळ उरे. पुढचा कोड ‘आलेल्या यादीत नाही ती ओळ डेटाबेसमधून काढा’ असा होता. एका ओळीची चूक तिथे डेटा गमावण्यापर्यंत पोहोचत होती.

मंजुरीची तारीख जाण्याचं कारण सरळ होतं. फॉर्ममधून बनलेली एंटिटी ‘अपडेट’ला दिली की तिच्या सगळ्या प्रॉपर्टी बदललेल्या समजल्या जातात. जे फॉर्ममध्ये नव्हतं ते नल किंवा शून्य होऊन जतन होतं. हिडन फील्डनी तो दोष झाकला आणि त्याच जागी चौथी तक्रार उभी राहिली. मात्र हिडन फील्ड काढल्यानेही ती गेली नसती. एंटिटीत ‘स्थिती’ प्रॉपर्टी आहे आणि बाइंडरला ती भरायची मुभा आहे, तोवर कोणीही ते नाव हाताने घालून विनंती पाठवू शकतो. ही त्रुटी मास असाइनमेंट या नावाने ओळखली जाते. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर याच प्रकारच्या त्रुटीमुळे एका वापरकर्त्याला रेल्स या वेब-फ्रेमवर्कच्या रिपॉझिटरीत लिहिण्याचा अधिकार मिळवता आला होता. त्यानंतर रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स आले, म्हणजे कोणती फील्ड स्वीकारायची हे कंट्रोलरमध्ये स्पष्ट लिहावं लागू लागलं.

मोठ्या ऑर्डरचं गणित असं निघालं: एएसपी डॉट नेट कोअर एका फॉर्ममध्ये मुळात १०२४ किंमतीच स्वीकारतो. शीर्षभागात हिडनसह २० फील्ड आणि प्रत्येक ओळीत ११. म्हणजे ९१ ओळींना १०२१ किंमती, ९२ व्या ओळीला १०३२. मर्यादा ओलांडली की फॉर्म वाचणंच फसतं, आणि तो पहिल्यांदा वाचायला जाते ती अँटीफोर्जरीची तपासणी, म्हणून त्रुटी तिच्या नावावर दिसते. अशा मर्यादा इतरत्रही आहेत: पीएचपीत आणि जँगोत १०००, स्प्रिंगमध्ये आपोआप वाढणाऱ्या यादीला २५६. असंख्य किंवा मुद्दाम निवडलेली नावं पाठवून सर्व्हर दमवण्याच्या हल्ल्यांवरचा तो उपाय आहे. आकडा वाढवता येतो, पण आधी इतकी फील्ड का जातात हे पाहायला हवं.

पाचही तक्रारींच्या तळाशी एकच गोष्ट होती. पान दाखवायला लागणारा डेटा आणि वापरकर्त्याकडून स्वीकारायचा डेटा हे दोन वेगळे संच आहेत, आणि कोडमध्ये त्या दोघांना एकच प्रकार होता.

विचारात घेतलेले पर्याय

एक पर्याय ‘बाइंड’ अ‍ॅट्रिब्यूटचा (अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे कोडवर लावलेली सूचना): एंटिटी तीच ठेवायची, पण परवानगी असलेल्या प्रॉपर्टींची नावं लिहायची. नवीन नोंद तयार करताना हे चालतं. संपादनात नाही, कारण वगळलेल्या प्रॉपर्टी आहेत तशा राहत नाहीत, त्या नल किंवा डीफॉल्ट होतात. म्हणजे चौथी तक्रार मिटते आणि दुसरी परत येते.

दुसरा पर्याय जास्त गंभीरपणे तपासला गेला. आधी डेटाबेसमधून एंटिटी आणायची आणि ‘ट्रायअपडेटमॉडेल’ला परवानगीच्या प्रॉपर्टींची यादी देऊन तिच्यावर फॉर्म उतरवायचा. शीर्षभागासाठी हे नीट काम करतं, आणि ओळी नसलेल्या फॉर्मसाठी मी हा पर्याय आजही सुचवेन. अडचण यादीशी येते. आधीपासून भरलेल्या संग्रहावर बाइंडर उतरतो तेव्हा तो संग्रह रिकामा करतो आणि नव्याने बनवलेल्या वस्तू त्यात घालतो. एंटिटी फ्रेमवर्कला त्यातून दिसतं ते असं: जुन्या सगळ्या ओळी गेल्या, तितक्याच दुसऱ्या आल्या. ओळींना जोडलेल्या इतर नोंदी असतील तर हे परवडत नाही.

तिसरा: आख्खं पान जावास्क्रिप्टमध्ये लिहून डेटा जेसन स्वरूपात पाठवायचा. ओळींच्या क्रमांकाचा प्रश्न सुटतो, पण काय स्वीकारायचं हा नाही. जेसनमधूनही थेट एंटिटी भरली तर ‘स्थिती’ तशीच बदलता येते. शिवाय त्रुटी पानावर परत दाखवण्याची चालू यंत्रणा फेकून द्यावी लागली असती. हा पर्याय मागे ठेवला गेला.

निवडला गेला तो चौथा: फॉर्म जेवढं पाठवतो तेवढंच असलेलं वेगळं इनपुट मॉडेल. त्यातून एंटिटीवर नेमणूक हाताने, प्रॉपर्टीमागून प्रॉपर्टी. याची किंमत म्हणजे नवं फील्ड आलं की तीन ठिकाणी हात लावावा लागतो: इनपुट मॉडेल, व्ह्यू आणि नेमणूक. टीममधल्या एकाचं म्हणणं होतं की मॅपिंगची लायब्ररी वापरावी. डेटाबेसकडून पानाकडे जाताना तिला हरकत नाही. पानाकडून डेटाबेसकडे येताना मात्र प्रत्येक नेमणूक कोडमध्ये डोळ्यांना दिसायला हवी, कारण तिथली प्रत्येक ओळ म्हणजे ‘हे वापरकर्त्याला बदलता येईल’ असा निर्णय असतो. टीमने तेच ठरवलं.

इनपुट मॉडेल कुठे ठेवायचं

पेज मॉडेलमध्ये ‘इनपुट’ नावाची प्रॉपर्टी ठेवली, तिचा प्रकार ‘वर्कऑर्डरइनपुट’. याद्या, इतिहास, बेरजा, सद्यस्थिती पेज मॉडेलवरच, तिच्या बाहेर. व्ह्यूमध्ये टॅग हेल्परला ‘इनपुट.कस्टमरआयडी’ दिलं की फील्डचं नावही तेच होतं. सबमिटच्या अ‍ॅक्शनने पेज मॉडेल घ्यायचं नाही. तिने फक्त ‘वर्कऑर्डरइनपुट’ घ्यायचं आणि पॅरामीटरचं नाव ‘इनपुट’ ठेवायचं.

पॅरामीटरचं नाव इथे कामाचं आहे, आणि हा भाग पुष्कळदा निसटतो. बाइंडर पॅरामीटरचं नाव उपसर्ग म्हणून वापरतो, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता. ‘इनपुट.’ने सुरू होणारी फील्ड आली की ती जुळतात. कोणी पॅरामीटरचं नाव बदलून ‘मॉडेल’ केलं, तर त्या उपसर्गाचं काहीच सापडत नाही. मग बाइंडर उपसर्ग सोडून नुसतं ‘कस्टमरआयडी’ शोधतो, तेही सापडत नाही, आणि तो रिकामी वस्तू हातात देतो. अपवाद नाही, इशारा नाही. नाव बदलायचंच असेल तर उपसर्ग अ‍ॅट्रिब्यूटने स्पष्ट लिहावा. उलट दिशेचा सापळाही आहे: पॅरामीटरचं नाव आणि मॉडेलच्या आतल्या एखाद्या साध्या फील्डचं नाव एकच असेल, तर बाइंडर त्या फील्डलाच उपसर्ग समजतो आणि बाकीचं मॉडेल रिकामं राहतं.

ओळींचं पार्शल व्ह्यू (पानाच्या एका तुकड्याचं वेगळं टेम्प्लेट) ‘मॉडेल’ देऊन बोलावलं जात होतं. अशा वेळी आतल्या फील्डना बाहेरचा उपसर्ग मिळत नाही. त्याच पार्शल टॅगला ‘मॉडेल’ऐवजी ‘फॉर’ दिलं की उपसर्ग आत पोहोचतो. ओळींवरचं ‘फॉरईच’ लूपही बदलून क्रमांकाचं ‘फॉर’ लूप केलं, कारण ‘फॉरईच’मध्ये नावं ‘आयटम.क्वांटिटी’ अशी येतात आणि त्यांचा यादीशी काही संबंध उरत नाही.

इनपुट मॉडेलमध्ये काय घ्यायचं यावरची चर्चा सगळ्यात उपयोगी ठरली. प्रत्येक फील्डला एकच प्रश्न: हे वापरकर्ता ठरवतो का? दर वगळला गेला. तो पानावर दिसतो, पण ठरतो दरपत्रकातून, तेव्हा सर्व्हरने भागाच्या आयडीवरून तो काढायचा. ओळीची रक्कम आणि एकूण बेरीजही बाहेर. सवलत आत, पण मर्यादेपलीकडच्या सवलतीसाठी अधिकाराची तपासणी सर्व्हरवर. स्थिती आणि मंजुरी पूर्ण बाहेर. मंजुरी ही वेगळी कृती, तिचं स्वतंत्र बटण आणि स्वतंत्र अ‍ॅक्शन. ओळीतली ११ फील्ड ५ वर आली: आयडी, भाग, नग, सवलत आणि ‘काढली’ ही खूण, जिचं कारण पुढच्या भागात.

नगाचा प्रकार साधा पूर्णांक होता. फील्ड आलंच नाही तर त्याची किंमत शून्य होते आणि ‘आवश्यक’ हे अ‍ॅट्रिब्यूट गप्प बसतं, कारण शून्य म्हणजे नल नव्हे. म्हणून इनपुट मॉडेलमधले आकडे आणि तारखा नलेबल केल्या. एंटिटीत त्या नल नसतात, हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे: अर्धवट भरलेला फॉर्म ही इनपुट मॉडेलची वैध अवस्था आहे, एंटिटीची नाही.

ओळी काढण्याचा निर्णय, दोनदा

पहिला उपाय ‘इंडेक्स’ फील्डचा होता. प्रत्येक ओळीसोबत ‘इनपुट.लाइन्स.इंडेक्स’ नावाचं हिडन फील्ड पाठवलं की बाइंडर सलग मोजत नाही, दिलेले क्रमांकच वाचतो. मधली ओळ काढली तरी बाकीच्या येतात. चाचणीत हे पास झालं. दोष दिसला तो व्हॅलिडेशन नापास होऊन पान परत आल्यावर. तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

चार ओळी घ्या. ० वर बेअरिंग, नग २. १ वर सील, नग १. २ वर बेल्ट, नग ४. ३ वर फिल्टर, नग ६. वापरकर्ता सीलची ओळ काढतो आणि भेटीची तारीख भरायला विसरतो. सर्व्हरकडे क्रमांक येतात ०, २, ३. बाइंडर त्यांची यादी बनवतो, आणि यादीतली स्थानं होतात ०, १, २: बेअरिंग, बेल्ट, फिल्टर. इथवर बरोबर. पण मॉडेलस्टेटमध्ये, म्हणजे आलेल्या किंमती आणि त्रुटी ठेवणाऱ्या नोंदीत, किंमती मूळ नावांनीच नोंदलेल्या आहेत: ‘[०]’, ‘[२]’, ‘[३]’.

तारीख नसल्यामुळे पान पुन्हा बनतं. टॅग हेल्पर फील्डची किंमत आधी मॉडेलस्टेटमध्ये शोधतो, तिथे नसेल तरच मॉडेलमधून घेतो. वापरकर्त्याने टाइप केलेलं, चुकीचं असलं तरी, जसंच्या तसं परत दाखवता यावं म्हणून ते तसं आहे. ‘[०]’ जुळतं: बेअरिंग २. ‘[१]’ मॉडेलस्टेटमध्ये नाही, म्हणून मॉडेलमधून: बेल्ट ४. ‘[२]’ मात्र मॉडेलस्टेटमध्ये आहे, आणि ते बेल्टचं आहे. म्हणून तिसऱ्या ओळीत फिल्टरच्या जागी पुन्हा बेल्ट ४ दिसतो, हिडन आयडीसुद्धा बेल्टचाच. वापरकर्ता तारीख भरतो, जतन करतो. फिल्टर गेला आणि एकाच आयडीच्या दोन ओळी आल्या.

क्रमांकांऐवजी स्वैर मजकूर वापरला असता तर चुकीच्या ओळीत किंमत आली नसती, पण ओळीवरच्या त्रुटींचे संदेश आणि चुकीने टाइप केलेल्या किंमती मात्र हरवल्या असत्या. सबमिटच्या आधी ब्राउझरमध्ये सगळ्या ओळींना नव्याने क्रमांक देणं हा आणखी एक मार्ग. तो चालतो, पण नाव, आयडी, लेबल आणि व्हॅलिडेशनची अ‍ॅट्रिब्यूट अशा चार जागी बदल करावे लागतात, आणि एक जागा राहिली की दोष परत येतो.

शेवटी ठरलं की ओळ पानातून काढायचीच नाही. ‘काढा’ दाबलं की ओळ लपवायची, ‘काढली’ हे हिडन फील्ड ‘ट्रू’ करायचं, आणि भाग, नग व सवलत डिसेबल करायची. आयडी आणि खूण जातच राहतात, त्यामुळे क्रमांकांत खंड पडत नाही, आणि यादीतलं स्थान व फील्डच्या नावातला क्रमांक कायम एकच राहतो. डिसेबल केल्यामुळे काढलेल्या ओळीतला अर्धवट किंवा चुकीचा मजकूर सर्व्हरपर्यंत जात नाही. पण त्याच कारणाने त्या ओळीवर ‘आवश्यक’ अ‍ॅट्रिब्यूट ठेवता येत नाही. ओळीचं व्हॅलिडेशन ‘आयव्हॅलिडेटेबलऑब्जेक्ट’मध्ये, म्हणजे मॉडेलने स्वतःची तपासणी करायच्या मेथडमध्ये, नेलं: ‘काढली’ असेल तर तपासणी नाही, नसेल तर भाग आणि नग हवेतच. लक्षात ठेवायची गोष्ट: ही तपासणी त्या ओळीच्या प्रॉपर्टींवरची अ‍ॅट्रिब्यूट पास झाल्यावरच चालते. म्हणून सवलतीची अ‍ॅट्रिब्यूटवरची चूक दुरुस्त झाल्यावरच नग राहिल्याचा संदेश दिसतो. टीमने हे स्वीकारलं.

नव्या ओळीचा नमुना आधी लपवलेल्या डिव्हमध्ये होता, आणि तो प्रत्येक सबमिटसोबत रिकामी ओळ म्हणून जात होता. तो ‘टेम्प्लेट’ टॅगमध्ये हलवला. त्यातली फील्ड सबमिट होत नाहीत. नवा क्रमांक म्हणजे काढलेल्या धरून एकूण ओळींची संख्या. ओळ घातल्यावर जेक्वेरी अनऑब्ट्रुसिव्ह व्हॅलिडेशनला जुनी नोंद काढून फॉर्म पुन्हा वाचायला लावावा लागतो, नाहीतर नव्या ओळीवर ब्राउझरमधली तपासणी चालत नाही.

सबमिटची अ‍ॅक्शन

ऑर्डरचा आयडी यूआरएलमधून येतो, आणि पॅरामीटरवर ‘फ्रॉमरूट’ (किंमत रूटमधून, म्हणजे यूआरएलच्या मार्गातूनच घ्या) लिहिलेलं आहे. ते गरजेचं आहे. मुळात बाइंडर फॉर्ममधली किंमत आधी पाहतो, रूटमधली नंतर. म्हणजे यूआरएलमध्ये एक आयडी आणि फॉर्ममध्ये घुसवलेला दुसरा असेल तर दुसरा जिंकतो.

पुढचा क्रम: ऑर्डर तिच्या ओळींसह आणायची, वापरकर्त्याला तिचा अधिकार आहे का पाहायचं. मग मॉडेलस्टेट. नापास असेल तर पेज मॉडेल पुन्हा बांधायचं, आलेलं इनपुट त्यात ठेवायचं आणि व्ह्यू परत द्यायचं. ड्रॉपडाउनच्या याद्या फॉर्मसोबत परत येत नाहीत, त्या दर वेळी भराव्याच लागतात. पान दाखवताना आणि परत देताना पेज मॉडेल बांधणारी एकच मेथड आहे, त्यामुळे ‘त्रुटी आली की ड्रॉपडाउन रिकामा’ हा नेहमीचा दोष आता उरला नाही.

पास असेल तर शीर्षभागाची नेमणूक, मग ओळी. आयडी असलेली ओळ फक्त त्या ऑर्डरच्या आणलेल्या ओळींतच शोधायची. सापडली नाही, किंवा तोच आयडी दोनदा आला, तर विनंती नाकारायची. थेट ओळींच्या टेबलात शोधलं तर दुसऱ्याच्या ऑर्डरची ओळ बदलता येते. आयडी नसलेली आणि न काढलेली ओळ नवी. आयडी असलेली आणि काढलेली ओळ डिलीट. यादीत न आलेल्या ओळीला हात लावायचा नाही. डेटा गमावण्याचा जुना मार्ग या एका नियमाने बंद झाला.

एकाच वेळी दोघांनी संपादन केलं तर, त्यासाठी ‘रोव्हर्जन’ (नोंद बदलली की बदलणारी आवृत्तीची खूण) हिडन फील्ड म्हणून बेस ६४ स्वरूपात जातं आणि परत आल्यावर एंटिटीची मूळ किंमत म्हणून बसवलं जातं. दरम्यान कोणी बदल केला असेल तर जतन करताना कॉन्करन्सीचा अपवाद येतो. मग पान ताज्या रोव्हर्जनसह परत द्यायचं, पण आधी मॉडेलस्टेटमधून ‘इनपुट.रोव्हर्जन’ काढून टाकायचं. नाही काढलं तर हिडन फील्डमध्ये जुनीच किंमत बसते आणि वापरकर्ता कितीही वेळा जतन करो, दर वेळी तोच संघर्ष. यशस्वी झालं की रीडायरेक्ट, थेट व्ह्यू नाही, म्हणजे पान रीफ्रेश केल्यावर फॉर्म दुसऱ्यांदा जात नाही.

परिणाम

पाचही तक्रारी बंद झाल्या. शीर्षभागाची फील्ड टोकनसह १० झाली, ओळीत ५. तेव्हा १०२४ च्या मर्यादेत २०२ ओळी मावतात, आणि मर्यादा वाढवावी लागली नाही. सुरक्षा तपासणाऱ्याने ‘स्थिती’ हाताने घालून पाठवलेली विनंती आता त्या किंमतीपुरती निष्फळ ठरते, कारण ती भरायला इनपुट मॉडेलमध्ये जागाच नाही. एंटिटीवरची व्हॅलिडेशन टाळणारी अ‍ॅट्रिब्यूट, जी घाईत जागोजागी लावली होती, ती काढता आली.

तीन चाचण्या कायमच्या आल्या. पहिली बनलेल्या पानातल्या सगळ्या फील्डची नावं गोळा करून इनपुट मॉडेलच्या प्रॉपर्टींशी दोन्ही बाजूंनी जुळवते. दुसरी स्थिती आणि दर ही फील्ड घुसवून पाठवते आणि काही बदललं नाही ना, ते पाहते. तिसरी सगळ्यात कामाची: पान आणायचं, त्यातला फॉर्म काहीही न बदलता तसाच सबमिट करायचा, जतन यशस्वी व्हावं, आणि डेटाबेसमध्ये एकही बदल झालेला नसावा. पॅरामीटरचं नाव बदललं, उपसर्ग हरवला, हिडन आयडी राहून गेला, किंमत चुकीच्या रूपात आली, काहीही झालं तरी ही चाचणी मोडते. एखाद्या संघाला एकच चाचणी लिहायला वेळ असेल तर ती हीच असावी.

वेगळं काय करता आलं असतं

मंजुरीची तारीख वाचवण्यासाठी हिडन फील्ड घातली गेली, तिथेच थांबून पाहायला हवं होतं. वापरकर्त्याने बदलू नये अशी किंमत त्याच्याच ब्राउझरमधून फिरवून आणावी लागते आहे, याचा अर्थ स्वीकारायचं मॉडेल गरजेपेक्षा मोठं आहे. आयडी, रोव्हर्जन आणि ‘काढली’ची खूण सोडून आणखी एखादं हिडन फील्ड संपादनाच्या फॉर्ममध्ये हाताने घातलं गेलं तर कोड तपासणीत त्याचं कारण विचारावं.

व्हॅलिडेशन नापास झाल्यावर मॉडेलस्टेटमधली नावं आणि संदेश लॉग करण्याची सोय सुरुवातीपासून असती तर पाचवी तक्रार काही मिनिटांत उलगडली असती. किंमती लॉग करू नयेत, त्यांत खासगी माहिती असू शकते. विकासाच्या वातावरणात त्रुटींचा सारांश ‘ऑल’ ठेवणंही पुरतं.

‘इंडेक्स’चा उपाय चाचणीत पास झाला, कारण चाचणी फक्त यशस्वी जतनाची होती. ओळी असलेल्या फॉर्मची चाचणी ‘ओळ काढा, मग वर एक चूक करा, मग परत आलेलं पान वाचा’ अशी हवी. ब्राउझरमधली तपासणी बंद ठेवून, नाहीतर चूक सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही.

उरलेल्या फॉर्मसाठी टीमने सरसकट बदल हाती घेतला नाही. आधी ज्यांत अधिकार, मंजुरी किंवा पैशांची फील्ड आहेत ते, मग ओळींचे, आणि बाकीचे त्यांत बदल करायची वेळ येईल तेव्हा. शोधाच्या फॉर्मना वेगळं इनपुट मॉडेल दिलं नाही. ते काही जतन करत नाहीत, आणि तिथे एकच मॉडेल दोन्ही कामं नीट करतं.